यंत्राची खोड आणि शुद्धिपत्राचे दायित्व

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नियमित विनामूल्य दुरुस्ती तिच्या उत्पादकांनी थांबविली. पुढच्या आवृत्तीच्या अटी अशा, की आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले पुष्कळसे संगणक त्यांत बसत नाहीत. नाशिकमधील शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांच्यापुढे त्यामुळे एक साधाच, पण खर्चाचा प्रश्न उभा राहतो : चालते यंत्र भंगारात काढावयाचे काय? ‘लिनक्स’ ही मुक्त प्रणाली वापरा, असा सल्ला यावर दिला जातो आणि तो योग्यही आहे. परंतु कित्येकदा असे होते, की बाकी सारे सुरळीत चालते आणि एखादा प्रिंटर, एखादा स्कॅनर वा बिनतारी जोडणीचे एखादे कार्ड तेवढे अडून बसते. मग ‘फुकटचे ते असेच असावयाचे’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात. दोष नेमका कोणाचा, हे मात्र कोणी विचारीत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंतर्भागी ‘कर्नल’ म्हणजे गाभा असतो. कळफलक, पडदा, साठवणीची तबकडी, प्रिंटर अशा प्रत्येक उपकरणाशी व्यवहार करण्याचे काम त्याचे. उपकरणांनी कसे वागावे याची मानके ठरलेली असतात. यंत्र सुरू होताच बहुतेक उपकरणे आपल्या उत्पादकाचा व स्वतःचा क्रमांक सांगून ओळख देतात. मात्र ओळख खरी दिली म्हणून वर्तन सरळ असते असे नव्हे. कोणी एकदा निद्रिस्त केले की जागेच होत नाही; कोणी आपली साठवणक्षमता आहे त्याहून एका घराने अधिक सांगते; कोणी जे साधत नाही ते साधते म्हणून ठासून सांगते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण चिपला तर शब्दशः लागू आहे. कारण एकदा घडविलेली चिप पुन्हा घडविता येत नाही.

यावर उपाय म्हणून लिनक्सच्या गाभ्यात खोडींच्या याद्याच ठेवलेल्या आहेत. त्यांतील काही हजारो ओळींच्या आहेत. अमुक क्रमांकाचे उपकरण दिसले तर अमुक आज्ञा देऊ नये, तमुक दिसले तर क्षणभर थांबावे, असे त्यांचे स्वरूप. कचेरीतील जुन्या हेडक्लार्कला प्रत्येक साहेबाचा स्वभाव ठाऊक असतो आणि कोणता कागद कोणापुढे कधी ठेवावा हे तो जाणतो, तसलाच हा प्रकार. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स याने १९९१ साली आरंभिलेला हा गाभा आज अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्यामुळे हा विषय मूठभर तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

मोठमोठ्या उत्पादकांचीही यातून सुटका नाही. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपला काही भागाकार अचूक येत नाहीत, हे अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांनी उघडकीस आणले. ज्यांना गरज सिद्ध करता येईल त्यांनाच चिप बदलून देऊ, अशी कंपनीची आरंभीची भूमिका होती. लोकक्षोभ झाला तेव्हा सरसकट बदलून देण्याचे मान्य करावे लागले आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भार कंपनीने सोसला. १९९७ साली पेंटियममध्येच दुसरा दोष सापडला. एक विशिष्ट आज्ञा दिली की सबंध यंत्र गोठे. या खेपेस चिपा बदलल्या गेल्या नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच वळसा घालण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले, तेव्हाही बव्हंशी हाच मार्ग चोखाळला गेला आणि कित्येक कामांत यंत्रांचा वेग घटला. दोष चिपचा, श्रम गाभा लिहिणाऱ्यांचे आणि वेगाची घट ग्राहकाच्या पदरी, असा हा हिशेब आहे.

अर्थशास्त्राला हा व्यवहार अपरिचित नाही. कारखान्याने धूर सोडावा आणि खोकल्याचे औषध शेजाऱ्याने विकत आणावे, तसा येथे उत्पादकाचा खर्च परस्पर इतरांच्या अंगावर ढकलला जातो. सर्वाधिक खपाच्या प्रणालीवर उपकरण चालले, की कंपनीची चाचणी संपली. इतरांनी चाचपडत खोडी शोधून काढाव्यात! विक्रेत्याला दोष ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात, अशा बाजारात चांगला मालही वाईटाच्या भावाने विकला जातो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखवून दिले होते. दोषांची यादी उघड नसेल, तर निर्दोष प्रिंटर बनविणाऱ्याला त्याचा मोबदला मिळणार कसा?

उपकरणाची माहिती उघड केली की व्यापारी गुपिते फुटतील, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः घराचे दार कोठे आहे व ते कोणत्या बाजूस उघडते हे सांगणे वेगळे आणि तिजोरीची किल्ली देणे वेगळे. गाभा लिहिणाऱ्याला केवळ पहिल्या गोष्टीची आवश्यकता असते. सातपूर-अंबडच्या वसाहतींतून सुटा भाग घेणारा ग्राहक त्याची मापे व ती किती इकडेतिकडे चालतील हे कागदावर मागतोच. त्याने कोणाची गुपिते बुडत नाहीत. खुद्द इंटेलही आपल्या चिपांतील ज्ञात दोषांच्या याद्या प्रसिद्ध करते आणि तरीही तिचा धंदा चालतो. गाभ्यातही चुका असतात आणि प्रत्येक अडचणीचे खापर उपकरणावर फोडता येणार नाही, हे मान्यच आहे. परंतु दोष कोणाकडे आहे हे ठरविण्यासाठीदेखील उपकरणाचे खरे वर्णन हाती असावे लागते.

येथे शासनाने कायद्याचा बडगा उगारण्याची गरज नाही. मोठा ग्राहक म्हणून त्याने तोंड उघडले तरी पुरे. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. २०२२ साली ई-कचऱ्याचे नवे नियम झाले आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी समितीही नेमली गेली. या तिन्ही गोष्टींचा दुवा सांधणारी एक अट खरेदीच्या निविदेत हवी. उपकरणाचे तांत्रिक वर्णन उपलब्ध असावे, ज्ञात दोषांची यादी प्रसिद्ध व्हावी आणि यंत्र मुक्त गाभ्यावर चालवून दाखवावे, एवढीच ती अट. केरळने आपल्या शासकीय शाळांत लिनक्स रुजविले. जे केरळला साधले, ते महाराष्ट्राला का साधू नये? नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ‘मुक्त’ हा शब्द आपल्या नावात मिरवीत आहे. अशी अट घालण्यात त्याने पुढाकार घेतला तर ते नावाला शोभेलच. महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांना तर मुंबई-दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

मद्रासच्या आयआयटीची ‘शक्ती’ आणि सी-डॅकची ‘वेगा’ ही प्रोसेसरची घराणी आपल्याच देशात आकारास आली आहेत. स्वदेशी चिप निर्दोष निपजेल अशी अपेक्षा कोणी करू नये. ती प्रामाणिक असावी, एवढी अपेक्षा मात्र अवाजवी नाही. १८४० सालापासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वाचकांना जुन्या ग्रंथांच्या अखेरीस छापलेले शुद्धिपत्र नवे नाही. आपल्या चुका पृष्ठ व ओळ देऊन सांगणाऱ्या प्रकाशकाची पत त्यामुळे कधी गेली नाही, उलट वाढलीच. शंभर रुपयांच्या ग्रंथाबाबत जी सचोटी वाचक गृहीत धरतो, ती पन्नास हजारांच्या यंत्राबाबत त्याने मागू नये काय?