हाताला आठवतं ते

टीममध्ये नवीन पोरं आली की मी त्यांना एकच सांगतो. ट्युटोरियल नुसतं वाचू नका, स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट केलेला कोड चालतो, पण दुसऱ्या दिवशी डोक्यात काही उरत नाही. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मग घरातल्या पोरांच्या बाबतीत आपण ते का विसरतो?

माझा भाचा आठ वर्षांचा आहे, स्वमग्न. बोलतो, पण मोजकंच. गेल्या महिन्यात ताईकडे मुक्कामाला होतो. सकाळी तिने त्याला एका दमात सांगितलं, "डबा दप्तरात ठेव, बाटली भर, रुमाल घे." तो जागचा हलला नाही. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते. शेवटी तिन्ही कामं ताईनेच उरकली आणि म्हणाली, "याच्या काही लक्षातच राहत नाही रे." मीही मान डोलावली.

नंतर थोडं वाचलं आणि त्या मान डोलावण्याची लाज वाटली.

१९८० च्या सुमारास एंगेलकाम्प, कोहेन वगैरे संशोधकांनी साधे प्रयोग केले. 'काडी मोड' अशा छोट्या कृतींची यादी काहींना नुसती ऐकवली, काहींना ती प्रत्यक्ष करायला लावली. ज्यांनी केली, त्यांना जास्त आठवली. १९९४ साली समर्स आणि क्रेक यांनी बोलू शकणाऱ्या स्वमग्न मुलांसोबत हेच करून पाहिलं. स्वतः कृती केल्याचा फायदा त्यांनाही झाला.

आता हा काही रामबाण उपाय नाही. 'हे मी केलं की समोरच्याने' हे स्वमग्न मुलांना कितपत आठवतं, यावर नंतरच्या अभ्यासांचं एकमत नाही. शिवाय सगळी मुलं सारखी नसतात. पण डर्मॉट बाउलर यांच्या कामातून एक गोष्ट पुढे आली आहे. नुसतं 'आठवून सांग' म्हटलं की स्वमग्न व्यक्तींना अवघड जातं, पण समोर एखादी खूण असली की बरंच जमतं. म्हणजे माहिती आत असते, बाहेर काढायला काहीतरी आधार लागतो.

म्हणून माझं मत असं, की दोन मिनिटं वाचवण्यासाठी आपण त्याच्या हातातलं काम काढून घेतो, तेव्हा लक्षात ठेवण्याची संधीही काढून घेतो. आणि त्याचे हात धरून जबरदस्तीने करवून घेणं म्हणजे त्याने 'स्वतः करणं' नव्हे. तेही नको.

सध्या ताई एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि ती वस्तू त्याच्यासमोर ठेवते. परवा न सांगता त्याने बाटली भरली. डबा विसरला. पण बाटली भरली!

यासाठी ताईने फार मोठं काही केलेलं नाही. अलार्म फक्त पंधरा मिनिटं अलीकडे घेतलाय. तुमच्याही घरात असं कोणी असेल, तर तेवढी पंधरा मिनिटं काढून बघा.