शाळेचा ट्रेक : मुलाला जरूर पाठवा, पण त्याचा आजार लपवू नका

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना सहलींचे आणि ट्रेकचे वेध लागतात. पावसाळ्यातली निसरड कमी झालेली असते, उन्हाचा तडाखा अजून सुरू व्हायचा असतो. त्यामुळे सह्याद्रीत चढायला हा काळ चांगला. शनिवारी पहाटे बसने निघायचे, गड चढायचा, पायथ्याच्या गावात मुक्काम करायचा आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे, असा साधारण बेत असतो. याच दिवसांत दवाखान्यात पालकांची एक ठरलेली मागणी असते : "डॉक्टर, शाळेच्या ट्रेकसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवंय. फक्त सही करा."

सोबत शाळेचा छापील फॉर्म असतो. त्यात एक प्रश्न असतो, 'विद्यार्थ्याला काही आजार आहे का?' पुष्कळदा त्यापुढे आईवडिलांनी आधीच 'नाही' लिहिलेले असते, आणि त्याच मुलाच्या फाईलमध्ये दम्याचा पंप किंवा फिट्सची रोजची गोळी असते. विचारले की उत्तर येते, "खरं लिहिलं तर शाळा नेणारच नाही. सगळे मित्र जातायत, हा एकटाच मागे राहील."

माझ्या मते शाळेच्या ट्रेकमधला सगळ्यात मोठा टाळता येण्यासारखा धोका म्हणजे हा 'नाही'. त्याला फक्त पालक जबाबदार नाहीत. आजार लिहिला की मुलाला वगळायचे, हा सोपा मार्ग ज्या शाळा धरतात, त्याच पालकांना खोटे लिहायला शिकवतात.

आजारी मुलालाही डोंगर हवाच

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, क्लास आणि मोबाईल यांत ही ६० मिनिटे कुठे बसतात, ते तुम्हीच पाहा. दोन दिवसांच्या ट्रेकने ती कसर भरून निघत नाही. पण आपले पाय आपल्याला वर नेऊ शकतात, हे मुलाला कळते. दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलाला तर ते कळणे जास्तच गरजेचे असते, कारण 'तुला झेपणार नाही' हे वाक्य त्याने इतरांपेक्षा जास्त वेळा ऐकलेले असते.

काही पालकांना उंचीवरच्या विरळ हवेची भीती वाटते. महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे आपल्या गडांवर लागणारी धाप चढणीची असते, विरळ हवेची नसते. हिमालयातल्या शिबिरांची गोष्ट वेगळी. तिथे मुलाला पाठवायचे असेल तर वेगळा सल्ला घ्या.

दमा, टाइप १ मधुमेह किंवा फिट्सचा आजार औषधांनी नीट आटोक्यात असलेली बहुतेक मुले गड चढू शकतात. अट एकच : सोबत चालणाऱ्या मोठ्या माणसाला ते माहीत हवे.

लपवलेला आजार डोंगरावर काय करतो?

दम्यापासून सुरुवात करू. चढणीवर सगळ्याच मुलांना धाप लागते. धाप आणि दम्याचा अ‍ॅटॅक यातला फरक माहीत नसलेला शिक्षक म्हणणार, "थकलास का? चल, थोडंच राहिलंय." साधी धाप काही मिनिटे बसले की कमी होते. अ‍ॅटॅकमध्ये ती बसूनही वाढते, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, खोकला थांबत नाही, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नाही. पहाटेची थंड कोरडी हवा, पायवाटेवरची धूळ आणि रात्रीच्या शेकोटीचा धूर, तिन्ही गोष्टी दमा चाळवू शकतात. अशा वेळी पंप बसमधल्या सॅकमध्ये असेल आणि बस दोन तास खाली असेल, तर तो पंप असून नसल्यासारखा. तातडीचा पंप आणि स्पेसर मुलाच्या कमरेच्या पाऊचमध्ये हवा, दुसरा शिक्षकांकडे. आईवडिलांनी 'नाही' लिहिले असेल तर मूल तो पंप सगळ्यांसमोर काढायलाही कचरते. हे मी मुलांच्याच तोंडून ऐकले आहे.

टाइप १ मधुमेहात इन्शुलिन चालू असते आणि चढताना स्नायू साखर भराभर वापरतात. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, मूल चिडते किंवा एकदम गप्प होते. माहिती नसलेल्या माणसाला हे नाटक किंवा हट्ट वाटू शकते. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर चहाचे तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चॉकलेट-बिस्कीट नंतर, कारण त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि दवाखाना गाठायचा. आणखी एक गोष्ट पालकांनाही अनेकदा माहीत नसते. भरपूर चालल्यानंतर साखर काही तासांनी, म्हणजे रात्री झोपेतही उतरू शकते. म्हणून मुक्कामाच्या रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासणे आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर रात्री एकदा उठून तपासणे गरजेचे असते. ट्रेकच्या दिवशी इन्शुलिन किती कमी करायचे, हे तुमच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा.

फिट्सच्या आजारात चढणीपेक्षा मुक्कामाची रात्र जास्त त्रास देते. गप्पा, भेंड्या, भुताच्या गोष्टी यात मुले दोन वाजेपर्यंत जागतात, आणि मित्रांसमोर गोळी कशी घ्यायची म्हणून डोस चुकतो. जागरण आणि चुकलेला डोस ही फिट येण्याची दोन नेहमीची कारणे आहेत. शिक्षकांना माहीत असेल तर ते गोळीची वेळ पाळतील, त्या मुलाला वेळेवर झोपवतील, कड्याजवळ आणि पाण्याच्या टाक्यापाशी त्याच्या शेजारी एक मोठा माणूस ठेवतील. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर ती तातडीची वेळ समजा.

विदर्भ आणि नंदुरबारकडच्या पालकांसाठी सिकल सेलबद्दलही थोडे. या आजाराच्या मुलांना पाणी कमी पडणे, अतिश्रम आणि थंडी या तिन्हींमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्यांना लांबच्या चढाईला पाठवू नका. पाठवलेत तर पाणी, विश्रांती आणि गरम कपडे यांची जबाबदारी नेमक्या एका व्यक्तीवर हवी.

मधमाशीचा डंखही विसरू नका. गडांच्या कड्यांवर आग्यामोहोळे असतात. डंखानंतर मुलाच्या अंगावर पूर्वी कधी गांधी उठून चेहरा सुजला असेल किंवा श्वास लागला असेल, तर ते शाळेला सांगायलाच हवे. अशा मुलाला पुन्हा डंख झाला आणि श्वास लागला, तर अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन लागते. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघण्याची ती वेळ नसते.

सर्टिफिकेट नको, माहितीचा कागद द्या

आता त्या फिटनेस सर्टिफिकेटबद्दल. डॉक्टरने मुलाला नीट तपासून सही केली असेल तर त्याला अर्थ आहे. पण तेव्हाही तो कागद एवढेच सांगतो, की त्या दिवशी मूल ठीक होते. डोंगरावर अर्ध्या वाटेत काही झाले तर काय करायचे, हे त्यात कुठेच नसते. तपासल्याशिवाय केलेली सही तर फक्त शाळेच्या फाईलचे समाधान करते.

त्याऐवजी एका पानावर मराठीत एवढेच लिहा :

- मुलाचे नाव, वय, वजन
- आजार किंवा अ‍ॅलर्जी
- रोजची औषधे, डोस आणि वेळ
- त्रास सुरू झाला की तो कसा दिसतो
- सगळ्यात आधी काय करायचे, आणि औषध कुठल्या खिशात आहे
- केव्हा थांबून न राहता दवाखान्यात न्यायचे
- पालकांचे दोन आणि डॉक्टरांचा एक फोन नंबर

हा कागद तुमच्या डॉक्टरांकडून भरून घ्या. एक प्रत शिक्षकांच्या खिशात, एक मुलाच्या सॅकमध्ये. गडावर नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून फोटो पाठवून भागत नाही. शक्य असेल तर ट्रेकआधी शिक्षकांना दहा मिनिटे भेटून पंप कसा वापरायचा किंवा साखर कशी तपासायची ते दाखवा. आणि मुलाच्या देखतच हे बोला, म्हणजे आजार लपवण्याची गोष्ट नाही, हे त्यालाही कळेल.

शाळेकडून माझी अपेक्षा

शिक्षकांची भीती मी समजू शकतो. चाळीस मुले, दोन-तीन शिक्षक, आणि काही झाले तर सगळे बोट त्यांच्याकडेच. पण माहिती असलेला आजार सांभाळता येतो, माहिती नसलेला सांभाळता येत नाही. म्हणून शाळेने फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहावे : 'आजार कळवल्यामुळे कोणाही विद्यार्थ्याला परस्पर वगळले जाणार नाही. निर्णय पालक आणि डॉक्टरांशी बोलून घेतला जाईल.' एवढ्या दोन वाक्यांनी कितीतरी 'नाही' चे 'हो' होतील.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. रिकाम्या पोटी चढाई नको. सगळ्यात हळू चालणारे मूल पुढे आणि एक शिक्षक सगळ्यात मागे. ज्याला परत फिरायचे आहे त्याच्यासोबत एक मोठा माणूस परतू शकेल, एवढी माणसे सोबत हवीत. दमलेल्या मुलाला एकटे खाली पाठवणे किंवा 'इथेच बस, आम्ही येतो' म्हणून पुढे जाणे, दोन्ही नको. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायचे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे, पण ती पायथ्यापर्यंतच येणार. म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे निघण्याआधीच बघून ठेवावे.

मुलींबद्दल वेगळे सांगावे लागते. वर स्वच्छतागृह नाही म्हणून बऱ्याच मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. ट्रेकला शिक्षिका हव्यात, आडोशाची सोय आधी ठरवलेली हवी, आणि पाळीसाठीचे सामान शाळेच्या प्रथमोपचार पेटीत न मागता मिळायला हवे.

शिक्षकांनो, हे तुमच्यासाठी

फॉर्म फक्त मुलांसाठी असतो, हीच त्यातली एक उणीव. वर्षभर व्यायाम नसलेले, रक्तदाब किंवा मधुमेह असलेले पन्नाशीचे सर मुलांसमोर मागे कसे राहायचे म्हणून तोच गड चढतात. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम, यांना 'सकाळचं पित्त' समजू नका. तिथेच थांबा आणि सोबतच्या शिक्षकांना सांगा. तुमच्याही आजाराचा एक कागद सहकाऱ्याकडे द्या. महिनाभर आधी रोज चालायला लागा, आणि चालताना छातीत त्रास होत असेल तर ट्रेकआधी हृदय तपासून घ्या.

पाठवू नये, अशी वेळ कोणती?

'जरूर पाठवा' म्हणजे काहीही झाले तरी पाठवा, असे नव्हे. ताप उतरून दोन-तीनच दिवस झाले असतील, गेल्या काही आठवड्यांत दम्याचा मोठा अ‍ॅटॅक आला असेल, फिट्स अजून आटोक्यात नसतील, तर या वेळी थांबा. धावताना किंवा जिना चढताना मूल बेशुद्ध पडले असेल, किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय चढाई नको. थांबावे लागले तर कारण मुलाला नीट सांगा आणि पुढच्या ट्रेकची तयारी आतापासून सुरू करा.

शाळेचा फॉर्म घरी आला की तो भरताना मुलाला शेजारी बसवा. 'काही आजार आहे का?' यापुढे जे खरे आहे ते लिहा. शाळेने त्यावरून नकार दिला, तर 'नाही' लिहून वेळ मारून नेऊ नका. मुख्याध्यापकांना भेटा, माहितीचा कागद दाखवा, गरज पडली तर तुमच्या डॉक्टरांना शाळेशी बोलायला सांगा. हा आमच्या कामाचाच भाग आहे, आणि नुसत्या सहीपेक्षा मुलाला त्याचा उपयोग जास्त होतो.

(या लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या मुलाच्या औषधांचे डोस आणि चढाईबद्दलचा निर्णय त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)