संघभावनेची आयात-निर्यात

परदेशांत शाखा काढणाऱ्या कंपन्यांपुढे म्हणे एक यक्षप्रश्न उभा आहे. स्वदेशात यशस्वी ठरलेली 'टीम बिल्डिंग'ची शिबिरे, खेळ आणि घोषणा परक्या भूमीत नेल्या की फसतात. का फसतात? व्यवस्थापनशास्त्राचे पंडित सांगतात, संस्कृती आड येते. जर्मन माणूस विनाकारण हसत नाही, फ्रेंच माणूस वाद घालतो, भारतीय माणूस साहेबापुढे तोंड उघडत नाही! या निदानावर सल्लागारांचा एक भरभराटीचा धंदा उभा राहिला आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे निदान पटणे कठीण. संस्कृतीच्या शालीखाली येथे झाकला जातो तो सत्तेचा प्रश्न.

वॉलमार्टचे उदाहरण घ्या. नोकरांनी सकाळी एकत्र जमून कंपनीच्या नावातील एकेक अक्षर ओरडायचे आणि मध्येच कंबर हलवायची, हा त्या कंपनीचा प्रख्यात विधी. संस्थापक सॅम वॉल्टन यांना त्याची कल्पना सुचली ती १९७५ मध्ये, दक्षिण कोरियातील टेनिसचे चेंडू बनविणाऱ्या एका कारखान्यात. तेथील कामगारांची सामुदायिक घोषणा ऐकून ते प्रसन्न झाले. तो कोरिया पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीखालचा होता. पाचच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९७० मध्ये, चॉन तेइल या २२ वर्षांच्या शिवणकामगाराने सोल शहरात, आहे तो कामगार कायदा पाळा एवढीच मागणी करीत स्वतःला पेटवून घेतले होते. घोषणा अमेरिकेत पोहोचली. ही हकिकत पोहोचली नाही.

१९९७ च्या अखेरीस वॉलमार्टने जर्मनीत दुकानांची साखळी विकत घेतली आणि विधीही सोबत नेला. घोषणेच्या वेळी काही नोकर स्वच्छतागृहात दडून बसत, अशा बातम्या वृत्तपत्रांत आल्या. पंडितांनी त्यावरून जर्मन स्वभावावर व्याख्याने झोडली. वस्तुतः पाहण्यासारखी गोष्ट दुसरीच होती. कामाच्या ठिकाणी नोकरांनी कसे वागावे याचे नियम ठरविताना, नोकरांनीच निवडून दिलेल्या परिषदेची संमती घ्यावी लागते, असा जर्मनीत १९७२ चा कायदा आहे. कंपनीने २००५ मध्ये आपली अमेरिकी आचारसंहिता तेथे वाटली. तीत सहकाऱ्यांमधील प्रेमसंबंधांवर बंधने होती आणि सहकाऱ्याच्या आगळिकीची खबर देण्यासाठी खास दूरध्वनीची सोय होती. (एकीकडे एका सुरात ओरडा, दुसरीकडे एकमेकांवर पाळत ठेवा, याला संघभावना म्हणायचे!) परिषद न्यायालयात गेली. वुप्परटालच्या आणि त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फच्या कामगार न्यायालयाने संहितेतील महत्त्वाची कलमे अवैध ठरविली. २००६ मध्ये ८५ दुकाने मेट्रो या कंपनीला विकून आणि सुमारे १ अब्ज डॉलरचा तोटा सोसून वॉलमार्ट जर्मनीतून गेली. या तोट्याचे मुख्य कारण आल्डी, लिड्ल यांसारख्या दुकानांची भावातील स्पर्धा होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आचारसंहिता हरली ती कायद्यापुढे, 'जर्मन स्वभावा'पुढे नव्हे. फ्रान्समध्येही कंपनीच्या मौजमजेत सामील न होणाऱ्या एका नोकराला काढून टाकण्यात आले, तेव्हा तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेतला.

आता आपल्याकडे वळू. १९८२ मध्ये मारुती उद्योग आणि जपानच्या सुझुकी कंपनीचा करार झाला. गुरगावच्या कारखान्यात सकाळची कवायत, सर्वांना एकच गणवेश, साहेब आणि कामगार यांना एकच उपाहारगृह, अशा जपानी प्रथा आल्या. एका पंगतीत जेवण्याची प्रथा आम्हा समाजवाद्यांना आवडली हे कबूल करतो. जातीपातीच्या या देशात ती लहान गोष्ट नव्हती. परंतु जपानमध्ये त्या कवायतीमागे दोन गोष्टी होत्या. एक, कायम कामगारांना निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी. दुसरी, मोडून काढलेल्या लढाऊ संघटनांच्या जागी आलेल्या मालकधार्जिण्या संघटना. निसानचा १९५३ चा लढा त्याची साक्ष देईल. भारतात येताना दुसरी गोष्ट हवीहवीशी वाटली, पहिली मात्र वाटेतच गळाली. मानेसरच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर कायम कामगार आणि त्याहून कितीतरी कमी वेतनाचा कंत्राटी कामगार शेजारी-शेजारी उभे राहू लागले.

जून २०११ मध्ये या कामगारांनी स्वतंत्र संघटनेसाठी संप केला. ऑगस्टअखेर कंपनीने 'सद्वर्तनाच्या हमीपत्रा'वर सही केल्याशिवाय आत येऊ देणार नाही असा हुकूम काढला आणि ३३ दिवस संघर्ष चालला. ऑक्टोबरमध्ये कायम कामगार पुन्हा संपावर गेले, त्यातील एक प्रमुख मागणी कंत्राटी सोबत्यांना परत घ्या ही होती. संघभावना म्हणतात ती हीच, आणि तिला कोणत्याही शिबिराची गरज लागली नव्हती. १८ जुलै २०१२ रोजी कारखान्यात हिंसाचार होऊन अवनीशकुमार देव या व्यवस्थापकांचा मृत्यू झाला. त्या मृत्यूचे समर्थन कोणीही करू नये. पण मार्च २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा ११७ कामगार निर्दोष ठरले. त्यांच्या तुरुंगात गेलेल्या वर्षांचा हिशेब कोणी मांडला?

आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम आले. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे ते सांगते. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे न्यायालयात त्यासाठी भांडता येत नाही. जर्मन नोकराच्या हाती जे हत्यार आहे, ते आपल्याकडे शोभेच्या कपाटात ठेवलेले आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एका परदेशी कंपनीत काम करते. तिला रविवारी लोणावळ्याच्या शिबिरास नेण्यात आले. डोळे बांधून मागे पडायचे, सहकारी झेलतील असा विश्वास ठेवायचा, असा खेळ होता. दरवाजावरचा पहारेकरी, सफाई कामगार, बसचालक यांना कोणी खेळायला बोलावले नाही. ते कंत्राटी होते. रविवारची बदली रजा मिळेल का, असे तिने विचारले, तेव्हा 'तुमच्यात संघभावना नाही' असे उत्तर मिळाले. आता तिने तोच प्रश्न लेखी विचारला आहे. ती एकटी आहे आणि तिच्या कंपनीत संघटना नाही. तिच्या पाठीशी कोणी उभे राहायचे, हे पुण्यातील साथींनी पावसाळ्याआधी ठरवावे. शिबिरांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो.