आकाश निळं होतं, तरी गाईड हलेना

आपल्या हॉस्टेलवर ट्रेक म्हणजे राजमाची, नाहीतर हरिश्चंद्रगड. रात्रीची एसटी पकडायची, पाऊस असला तर उलट मजाच, आणि वर पोचल्याशिवाय परत फिरायचं नाही. हीच सवय घेऊन आम्ही नऊ जण गेल्या मे महिन्यात हिमाचलमध्ये सार पासला गेलो.

नगारूच्या कॅम्पवर रात्रभर बर्फ पडला. सकाळी बघतो तर आकाश असं निळं की काय सांगू! आम्ही बूट चढवून तयार आणि गाईड म्हणतो, "आज नहीं जाएंगे." आम्ही भांडलो. सगळ्यात मोठ्याने मीच. परतीचं रिझर्व्हेशन होतं ना! त्याने न बोलता काठी बर्फात खुपसली. वरचा वीतभर थर मऊ, काठी अलगद गेली. खाली मात्र टक्कन आवाज.

सॉइल मेकॅनिक्समधला स्लोप स्टॅबिलिटीचा अख्खा चॅप्टर मी पाठ केला होता, पण पायाखाली तेच गणित आहे हे काही सुचलं नाही. टणक थरावर नवा बर्फ, दोघांची पकड कच्ची, त्यात मेचं ऊन. वितळलेलं पाणी आत झिरपलं की ती पकडही सुटते. हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतं. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. म्हणजे 'जमेल की' वाटणारा उतारच घातकी. अंधारात, बर्फ गोठलेला असताना निघायचं ते यासाठी. आम्हाला वाटायचं, कॅम्पवाल्यांची उगीच शिस्त!

दुपारी समोरच्या उतारावरून एक पांढरा लोट खाली आला. लहानसाच. पण सगळे गप्प झालो. रात्री बर्फ गोठला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघून आम्ही पास ओलांडला. गाडी अर्थातच चुकली, एकाची ओरल बुडाली. त्याची बोलणी अजून खातोय.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर भर दिवसा हिमस्खलन होऊन ७ पर्यटक गेले. गिर्यारोहक नव्हे, फिरायला आलेली साधी माणसं.

हवामानाचा अंदाज बघावा, डीआरडीओच्या डीजीआरईचे हिमस्खलनाचे इशारे निघतात तेही वाचावेत. पण माझ्या मते आपला मोठा धोका टाईमटेबलमध्ये आहे. हाताशी मोकळा दिवस नसला की गाईडचं 'नाही' ऐकूच येत नाही.

यंदाच्या ट्रेकची यादी मेसच्या बोर्डवर लागली आहे. पास उतरायचा त्याच रात्रीची परतीची बस! मी जीएसला सांगितलंय, दोन दिवस वाढवा, वर्गणी वाढली तरी चालेल. तोवर माझ्या नावापुढे सही नाही.