नंदी बेट्टावरची घासाघीस

बंगळुरूच्या चिकपेटेत आठवडाभर साड्यांचा भाव करून थकलेली मंडळी रविवारी पोराबाळांसह नंदी बेट्टाच्या डोंगरावर जातात, आणि तिथे त्यांना आपल्याहून पक्कं गिऱ्हाईक भेटतं. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस, लांब शेपूट आणि नजर थेट हातातल्या पिशवीवर. दक्षिणेतलं हे बॉनेट माकड.

त्याला माणूस चांगला कळतो. बंगळुरूच्याच राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या संशोधकांनी बंदीपूरच्या माकडांवरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. खाऊ हातात असलेल्या माणसापुढे ही माकडं हात पसरतात, 'कू' असा आवाज काढतात आणि समोरच्याचं लक्ष आपल्याकडे आहे ना, तेही बघतात. म्हणजे चक्क मागणं! बालीतल्या उलुवाटू मंदिरापाशी तर मामला चिकपेटेच्या वळणावर गेला आहे. तिथली माकडं चष्मे आणि मोबाइल पळवतात, खाऊ मिळाला की परत करतात. वस्तू जितकी मोलाची, तितका खाऊ चढा लागतो, असं 2021 च्या अभ्यासात दिसलं.

माणसाला मात्र माकड कळत नाही. डोळ्यांत डोळे घालून दात दाखवत सेल्फी काढणं हे आपलं प्रेम. त्याच्या लेखी रोखलेली नजर म्हणजे आव्हान.

शेपूट नसलेल्या थोरल्या भाऊबंदांचंही तेच. रॉटरडॅमच्या प्राणीसंग्रहालयात एक बाई बोकितो नावाच्या गोरिलाला नेहमी भेटायला येई, त्याच्याकडे टक लावून हसत असे. आपली त्याच्याशी मैत्री आहे असं तिला वाटे. 18 मे 2007 रोजी बोकितोने खंदक ओलांडला आणि तिला फरफटत नेऊन गंभीर जखमी केलं. पुढे एका विमा कंपनीने प्रेक्षकांना गमतीदार चष्मे वाटले. त्यांवर बाजूला बघणारे डोळे छापलेले होते.

तेव्हा 'माकडं माजलीत' ही तक्रार अर्धीच खरी. शनिवारी मारुतीच्या नावाने केळी चारायची आणि रविवारी त्याच हाताने काठी उगारायची, हा आपला दुटप्पीपणा. पिशवी ओढली की खाऊ पडतो, हे त्याला आपणच शिकवलं.

बेट्टावर जाणाऱ्यांनी एवढं करावं: खाऊ झाकून न्यावा, चारू नये, नजर वळवून शांतपणे बाजूला व्हावं. आणि चावलं किंवा ओरबाडलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारावं. हळद दाबून घरी बसू नये.