दोघांवांचून न चालणारा खेळ

व्हिडिओ गेमचें नांव निघालें कीं आमच्या सुशिक्षित वर्गाचा निकाल आधींच लिहून तयार असतो: वेळ फुकट, डोळे अधू, मूल एकलकोंडें. पहिल्या दोन कलमांविषयीं आज माझी तक्रार नाहीं. दिवसभर पडद्यापुढें बसणाऱ्याची वकिली मला करावयाची नाहीं. परंतु तिसरें कलम सरसकट सर्व खेळांवर लादणें हा अन्याय आहे, आणि तो बहुधा खेळ न पाहतांच केलेला असतो. न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देणाऱ्या टीकाकारास आपण काय म्हणतों?

स्टॉकहोमच्या हेझलाइट या संस्थेनें जोसेफ फारेस यांच्या दिग्दर्शनाखालीं २०२१ सालीं 'इट टेक्स टू' हा खेळ तयार केला. 'द गेम अवॉर्ड्स'मधील त्या वर्षाचें सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळालें. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेलें कोडी व मे हें जोडपें मुलीच्या अश्रूंमुळें इवल्या बाहुल्यांच्या देहांत अडकतें, आणि परतीची वाट दोघांनीं मिळून काढावयाची असते. हा खेळ एकट्यानें खेळण्याची सोयच ठेवलेली नाहीं. उलट एकानें तो विकत घेतला, तर दुसऱ्यास दूर राहूनहि तो त्याच्याबरोबर फुकट खेळतां येतो.

खरें मर्म आहे तें साधनांच्या वाटणींत. एके ठिकाणीं कोडीजवळ खिळे, तर मेजवळ हातोडा. त्यानें खिळा फेकून फळींत रोवावा, तेव्हां तिनें त्यास हातोडा अडकवून झोका घ्यावा. पुढें एका घड्याळाच्या पोटांत तो काळ मागें-पुढें नेतो, ती स्वतःची प्रतिकृति निर्माण करते. प्रत्येकाची विद्या अर्धी.

मी मे झालों, माझी मुलगी कोडी. खिळा लागण्यापूर्वींच मीं उडी मारली आणि कोसळलों, दुसऱ्यांदाहि तेंच. "बाबा, मला विचारून तरी उडी मारा," ती म्हणाली. तीस वर्षें व्याख्यानें देणाऱ्या मला, समोरच्याची तयारी झाली कीं नाहीं हें विचारण्याची संवयच नाहीं, हें त्या संध्याकाळीं कळलें.

खेळ निर्दोष आहे असें नव्हे. तुटलेला संसार एका वाचाळ पुस्तकाच्या उपदेशानें सांधूं पाहणारें कथानक कच्चें आहे. आणि मुलीच्या लाडक्या खेळण्यांतल्या हत्तिणीची आईबापांनीं केलेली दैना तर अंगावर कांटा आणते.

परंतु एकलकोंडेपणाचा आरोप करणाऱ्यांस माझा उलट सवाल आहे. बालवर्गापासून पदवीपर्यंत आपण मुलांस काय शिकवितों? शेजाऱ्यानें विचारलें तर वही झांकावी. त्याचा एक गुण वाढला कीं आपला क्रम घसरतो. परीक्षेंत शेजाऱ्यास मदत करणें हा गुन्हा असावा, हें मला मान्य. पण वर्षाचे उरलेले दिवसहि आपण परीक्षेचेच करून टाकले आहेत. पेपर तपासणारांपैकीं मीहि एक, म्हणून हा दोष माझ्याहि पदरीं येतो. एकलकोंडीं मुलें घडविण्याचा कारखाना आपण चालवावा आणि दोष मात्र पडद्यास द्यावा, हा न्याय कोणता?

मुलाच्या हातांतला कंट्रोलर हिसकावण्यापूर्वीं पालकांनीं दुसरा कंट्रोलर आपल्या हातीं घ्यावा, दोन-चार वेळां कोसळावें, आणि मुलाचें बोलणें ऐकून घ्यावें. निकाल त्यानंतर खुशाल द्यावा.