थोडं रिचच बरं

परवा गॅरेज आवरताना खिळ्यांच्या डब्यात एक मोडकी कनेक्टिंग रॉड सापडली. लांबी जेमतेम इंच-सव्वा इंच, खालच्या टोकाशी तुटलेली. बायको म्हणाली, "हे कशाला जपून ठेवलंयस?" मी काहीच बोललो नाही. उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितो.

आमच्या नातेवाईकांपैकी निम्म्यांना वाटतं की मी पन्नाशीत खेळण्यातल्या गाड्या उडवतो. ते खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही :) फक्त त्या खेळण्यात खरंखुरं इंजिन असतं. १/८ मापाच्या नायट्रो बग्गीचं इंजिन अवघं ३.५ सीसीचं, तळहातावर मावेल एवढं, पण मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेतं. आपल्या मोटारी सहा-सात हजारांवर धापा टाकू लागतात, यावरून कल्पना यावी. त्याला पेट्रोल चालत नाही. मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असं मिश्रण लागतं. स्पार्क प्लगही नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते, ती सुरू करताना दीड व्होल्टवर तापवायची. मग मेथॅनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांचं असं जमतं की तार आपली आपण लाल राहते.

आता मुद्द्याचं. टू-स्ट्रोक असल्यामुळे या इंजिनाला वेगळं ऑइल नाही. जे तेल मिळायचं ते इंधनातूनच. इंजिन थंड ठेवण्याचं बरंचसं कामही इंधनच करतं. म्हणजे कार्ब्युरेटरची सुई पिळून इंधन कमी केलं (त्याला 'लीन' म्हणतात), की खाणं, तेल आणि पाणी तिन्ही एकदम तोडल्यासारखं होतं. उलट इंधन जास्त झालं की 'रिच'. मग इंजिन गुरगुरतं, भसाभसा धूर सोडतं, कोपऱ्यातून बाहेर पडताना रेंगाळतं.

गंमत अशी की लीन इंजिनाचा आवाज फार गोड असतो. सुई जराशी पिळा, इंजिन आणखी मोकळं गातं. पुन्हा जराशी पिळा, आणखी वेग. मरायच्या आधी ते आयुष्यातलं सर्वांत सुंदर धावतं. माझ्या मते नव्या माणसाची बहुतेक इंजिनं या आवाजाच्या मोहापायी जातात.

माझं मत मी पुस्तकातून काढलेलं नाही, ती रॉड मोडून काढलंय. आम्ही राहतो डेन्वरला, समुद्रसपाटीपासून साधारण सोळाशे मीटरवर. इथे हवा विरळ. पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. आई पहिल्यांदा आली तेव्हा दोनच दिवसांत तिने ताडलं की तुरीच्या डाळीला इथे कुकरची एक शिट्टी जास्त लागते. तेव्हापासून आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. तर एका ऑक्टोबरात चिरंजीवांची गाडी मी इथल्या ट्रॅकवर मस्त ट्यून केली आणि नोव्हेंबरात आम्ही ती घेऊन फिनिक्सला शर्यतीला गेलो. फिनिक्स साडेतीनशे मीटरांच्याही खाली. तापमान दोन्हीकडे जवळपास सारखंच, पण तिथली हवा सोळा-सतरा टक्के जास्त दाट. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू जास्त, इंधन मात्र तेवढंच. सुईला हात न लावताच इंजिन लीन झालेलं. डाळीचं गणित आईला दोन दिवसांत कळलं, इंजिनाचं गणित मला, इंजिनिअर असून, सुचलं नाही.

दुसऱ्या टाकीत चिरंजीव स्टँडवरून ओरडले, "बाबा, धूर दिसत नाहीये." तेरा वर्षांचा होता. आणि मी म्हणालो, "आवाज बघ किती छान येतोय, पळव तू." सरळ रस्त्याच्या शेवटी त्याने थ्रॉटल सोडलं तरी इंजिन खाली यायला तयार नव्हतं. हीसुद्धा लीनचीच खूण, तीही मी ऐकली आणि सोडून दिली. पुढच्या फेरीत एक कोरडा 'टक' आवाज आला आणि गाडी थांबली. प्लग काढला तर तार पांढरी पडून वेडीवाकडी झालेली. तीनशे डॉलरचं इंजिन गेलं. त्याचं वाईट वाटलंच, पण परतीच्या तेरा-चौदा तासांत पोरगा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. तो बरोबर होता आणि मी ऐकलं नव्हतं.

असो. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. धूर दिसेनासा झाला, की जो आधी पाहील त्याने "आत" म्हणायचं आणि गाडी आत घ्यायची. वय, अनुभव, शर्यतीतला नंबर, काही चालत नाही.

ट्यूनिंगबद्दल माझं म्हणणं अगदी साधं आहे. दुसऱ्या कुणी "सुई अमुक फेरे उघडी ठेव" म्हणून दिलेले आकडे गाडी सुरू करण्यापुरते कामाचे. सकाळची गार हवा दाट, तिला इंधन जास्त लागतं. दुपारी ऊन चढलं की थोडं कमी. दमट हवेतही थोडं कमी. आकडा हवेबरोबर बदलतो. इंजिन आधी पूर्ण तापू द्यावं, मग हायस्पीडची सुई, मग लो स्पीडची, शेवटी आयडल, याच क्रमाने. एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या एक तासाएवढंच फिरवायचं आणि दोन फेऱ्या पळवून मग ठरवायचं. तापमापक जवळ असावा. माझं इंजिन २२० ते २५० अंश फॅरनहाइटमध्ये खूश असतं, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये. सरळ रस्त्यावर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. आयडलवर इंधनाची नळी चिमटीत धरली की दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडावं. लगेच बंद पडलं तर लीन, रेंगाळत बसलं तर रिच. आणि सगळं मनासारखं लागलं की सुई एक तास मागे, रिचकडे. वेगातलं जे थोडं जातं ते जाऊ द्या.

निगा म्हणजे कंटाळवाणं काम, आणि खरं इंजिन तिथेच वाचतं. एअर फिल्टरचा स्पंज प्रत्येक वेळी धुऊन, वाळवून, तेल लावून बसवायचा. ट्रॅकची धूळ एकदा आत गेली की पिस्टन आणि स्लीव्ह घासून निघतात. दिवस संपला की टाकी रिकामी करून उरलेलं इंधन जाळून टाकायचं, कारण मेथॅनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि बेअरिंगला गंज चढतो. मग आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब टाकायचे आणि पिस्टन तळाला आणून ठेवायचा. या इंजिनाची स्लीव्ह वरच्या बाजूला मुद्दाम निमुळती असते, आणि इंजिन गरम असताना पिस्टन वर ठेवलात तर थंड होताना स्लीव्ह त्याला आवळून धरते. याच कारणाने गार इंजिन सुरू करण्याआधी मी बायकोचा हेअर ड्रायर वापरतो. (ही ओळ ती वाचणार आहे.)

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. मेथॅनॉल म्हणजे तेच, ज्याच्या विषारी दारूने जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं दगावली. ते कातडीतूनही शरीरात जातं, आणि उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात.

"एवढा उपद्व्याप कशाला, इलेक्ट्रिक घे ना," असं लोक म्हणतात. त्यांचं चूक नाही. लिथियम बॅटरी आणि ब्रशलेस मोटर घेतली की बटण दाबायचं, गाडी पळते. आवाज नाही, वास नाही. युरोपीय संघात तर फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन सामान्य माणसाला परवान्याशिवाय विकत नाहीत, कारण त्यापासून स्फोटकं करता येतात. नायट्रोचे दिवस कमी होतायत हे मलाही दिसतं. नव्या मुलाला, आणि शेजारी ज्याचे खडूस आहेत त्यालाही, मी इलेक्ट्रिकच सुचवेन.

तरीही मी नायट्रो सोडलेलं नाही. मोटर बिघडली की बदलायची असते. इंजिन बिघडायच्या आधी चार वेळा सांगतं. धूर, आवाज, आयडल, प्लगची तार. ऐकायची सवय मला फक्त याच छंदाने लावली, तीही उशिरा आणि महागात. सध्याचं इंजिन दहाव्या गॅलनमध्ये आहे आणि शर्यतीत आमचा नंबर बहुधा मधलाच असतो. चिरंजीव आता कॉलेजात, इलेक्ट्रिक चालवतात. सुट्टीत घरी आले की माझ्या गाडीचा पिट सांभाळतात. गेल्या वेळी मी ऐन रंगात असताना खालून आवाज आला, "बाबा, आत." मला तर धूर दिसत होता. तरी घेतली आत. सुई ठीकच होती, पण फिल्टर निसटायच्या बेतात होता.

रॉड पुन्हा डब्यात टाकली आहे.